वाचकांचे प्रश्न : अडचणींची इंग्रजी क्रियापदे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे योगायोगाने एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. अडचण, टंचाई, ताण किंवा दुःख यांविषयी इंग्रजीत लिहिताना कोणते क्रियापद घ्यावे आणि त्याच्यापुढे काय जोडावे, हा तो विषय होय. त्यामुळे इतर प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवून यावेळची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

उदगीर येथील माध्यमिक शिक्षिका विचारतात : आमच्या शाळेतील मुले, आणि अनेकदा आम्ही शिक्षकही, ‘वी हॅव टू कोप अप विथ द सिच्युएशन’ असे लिहितो. एका प्रशिक्षणात यातील ‘अप’ चुकीचा असल्याचे सांगण्यात आले, पण कारण कळले नाही. तसेच ‘फेस’ या क्रियापदापुढे ‘विथ’ यावा की येऊ नये? वर्तमानपत्रात दोन्ही प्रकार दिसतात.

उत्तर : ‘कोप’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्म लागत नाही, म्हणून ‘शी कुडन्ट कोप’ एवढेच वाक्य पूर्ण ठरते. तिला ते पेलले नाही, एवढा अर्थ त्यातून नेमका मिळतो. काय पेलले नाही हे सांगायचे असेल तर ‘विथ’ घालून त्या गोष्टीचे नाव घ्यायचे : ‘शी कुडन्ट कोप विथ द वर्कलोड’. यापलीकडे या क्रियापदाला काही लागत नाही. मग मधला ‘अप’ आला कोठून? बहुधा ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ या आपल्या कानात पक्क्या बसलेल्या रचनांमधून तो घसरत आला असावा. भारतीय इंग्रजीत तो इतका रुळला आहे की इंग्रजी वर्तमानपत्रांतही अधूनमधून छापून येतो; मात्र ब्रिटिश किंवा अमेरिकी प्रमाण लेखनात तो स्वीकारला जात नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, अर्जात आणि मुलाखतीत तो कटाक्षाने टाळावा. गप्पांच्या ओघात कोणी तो वापरला, तर मध्येच थांबवून दुरुस्त करण्याइतका तो मोठा अपराध आहे, असे मला वाटत नाही.

येथे एक भेद मुलांना आवर्जून सांगावा. लातूरला शिकवणीसाठी राहिलेला एखादा विद्यार्थी घरी ‘आय ॲम कोपिंग अप विथ द सिलॅबस’ असे लिहितो, तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे आहे हे त्यालाच विचारले पाहिजे. वर्गाच्या गतीने आपणही पुढे जात आहोत, मागे पडलेलो नाही, असे म्हणायचे असेल तर ‘कीपिंग अप विथ’ हवे. मागे पडलो होतो आणि आता अंतर भरून काढत आहोत, असे असेल तर ‘कॅचिंग अप विथ’ योग्य. अभ्यासक्रमाचा भार जड आहे, तो कमी झालेला नाही, तरीही आपण कोलमडलेलो नाही, हे सांगायचे असेल तेव्हाच ‘कोपिंग विथ’ शोभते. आईवडिलांच्या दृष्टीने या तीन बातम्या अगदी वेगळ्या आहेत.

आता ‘फेस’. हे सकर्मक क्रियापद असून त्याचे कर्म मध्ये कोणतेही अव्यय न घेता थेट येते. आपण मराठीत ‘टंचाईला तोंड देतो’ आणि ‘टंचाईशी सामना करतो’. हे ‘ला’ आणि ‘शी’ इंग्रजीत जाताना ‘टू’ आणि ‘विथ’ होऊन सोबत येतात, आणि ‘फेस टू’ किंवा ‘फेस विथ’ अशी रचना तयार होते. योग्य वाक्य असे होईल : ‘इन ट्वेंटी सिक्स्टीन, लातूर फेस्ड अ सिव्हिअर वॉटर शॉर्टेज’. परंतु याच क्रियापदाचा कर्मणी प्रयोग केला की ‘विथ’ येतो, आणि तेथे तो आवश्यकही असतो : ‘लातूर वॉज फेस्ड विथ अ सिव्हिअर वॉटर शॉर्टेज’. वर्तमानपत्रात आपल्याला जे दिसते ते बहुतेक वेळा याच कर्मणी रचनेचे आखूड रूप असते. उदाहरणार्थ, ‘फेस्ड विथ अ शॉर्टेज, द ॲडमिनिस्ट्रेशन ब्रॉट वॉटर बाय ट्रेन फ्रॉम मिरज’ या वाक्याच्या आरंभीचे ‘फेस्ड’ हे भूतकाळी क्रियापद नसून धातुसाधित विशेषण आहे, म्हणून त्यापुढे ‘विथ’ शोभतो. विद्यार्थी हे पाहतो, ‘विथ’ लक्षात ठेवतो आणि ‘वॉज’ मात्र विसरतो. तेव्हा वर्गात नियम सांगताना ‘फेस’पुढे ‘विथ’ कधीच येत नाही असे सांगू नये. आधी ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ यांपैकी काही आहे का, किंवा ते गाळलेले आहे का, हे पाहायला शिकवावे.

‘टॅकल’, ‘हँडल’, ‘सॉल्व्ह’ आणि ‘ओव्हरकम’ ही ‘फेस’प्रमाणेच थेट कर्म घेणारी क्रियापदे आहेत, तर ‘डील’ आणि ‘स्ट्रगल’ ही ‘कोप’प्रमाणे ‘विथ’ घेणारी आहेत. कर्मणी प्रयोगात ‘डील’चा ‘विथ’ वाक्याच्या शेवटी लोंबकळत राहतो आणि तो तसाच राहू द्यायचा असतो : ‘द कम्प्लेंट वॉज डेल्ट विथ’. आपल्या विद्यार्थ्यांना शेवटचा शब्द अनाथ वाटतो, म्हणून ते तो खोडून टाकतात आणि बरोबर वाक्य चुकीचे करून ठेवतात.

जालना येथून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे वाचक विचारतात : ‘कुड’, ‘मॅनेज्ड टू’, ‘ट्राइड टू’ आणि ‘सक्सीडेड’ या सगळ्यांचा अर्थ मराठीत ‘करू शकलो’ याच्या आसपास येतो. मग परीक्षेत यांपैकी एकच पर्याय बरोबर कसा?

उत्तर : कारण काम झाले की नाही, याची बातमी यांतील प्रत्येक रचना वेगळी देते. अडचणीच्या संदर्भातील इंग्रजी क्रियापदे निवडताना अर्थापेक्षाही या बातमीकडे पाहावे, असे मी सुचवीन.

‘मॅनेज’पुढे ‘टू’ आणि क्रियापदाचे मूळ रूप आले की काम अवघड होते आणि ते पार पडले, या दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या जातात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून लातूरला पाणी आणले गेले. याविषयी ‘द रेल्वेज मॅनेज्ड टू ब्रिंग वॉटर टू लातूर’ असे लिहिले, तर वाचकाला पाणी पोहोचल्याचेही कळते आणि ते सहज पोहोचले नसल्याचेही कळते. ‘ट्राइड टू ब्रिंग’ असे लिहिले तर प्रयत्न झाला एवढेच समजते. वाचक पुढच्या वाक्यात ‘बट’ येईल म्हणून थांबून राहतो. ‘स्ट्रगल्ड टू ब्रिंग’ असे लिहिले तर ओढाताण दिसते, निकाल मात्र संदर्भावरून ठरवावा लागतो.

‘कुड’ हा भूतकाळातील सर्वसाधारण क्षमतेसाठी आहे. ‘माय ग्रँडफादर कुड स्विम’ म्हणजे आजोबांना पोहता येत असे. एका ठरावीक प्रसंगी एखादे काम साधले, असे होकारार्थी वाक्यात सांगायचे असेल तर प्रमाण इंग्रजीत ‘कुड’ चालत नाही. तेथे ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ घ्यावे लागते. म्हणून ‘काल मला टँकर मिळवता आला’ याचे इंग्रजी ‘यस्टर्डे आय मॅनेज्ड टू गेट अ टँकर’ असे होईल, ‘आय कुड गेट’ असे नव्हे. नकारार्थी वाक्यात हे बंधन सुटते : ‘आय कुडन्ट गेट अ टँकर’ निर्दोष आहे. ‘सी’, ‘हिअर’, ‘रिमेंबर’ यांसारख्या क्रियापदांबरोबर होकारार्थी वाक्यातही ‘कुड’ चालतो. परीक्षक बहुतेकदा याच सीमेवर प्रश्न विचारतात.

राहिले ‘सक्सीड’. त्यापुढे ‘इन’ आणि ‘आयएनजी’ रूप येते : ‘दे सक्सीडेड इन रिपेअरिंग द पंप’. ‘सक्सीडेड टू रिपेअर’ असे लिहू नये. ‘सक्सीड टू’ ही रचना इंग्रजीत आहे, पण ती वारसाने गादी मिळण्यासाठी असून तिच्यापुढे ‘थ्रोन’सारखे नाम येते. उलट बाजूला ‘फेल’पुढे ‘टू’ येतो : ‘दे फेल्ड टू रिपेअर द पंप’. यश ‘इन’ने आणि अपयश ‘टू’ने का सांगायचे, याला तर्क नाही, भाषेने तसे ठरवले आहे.

परभणी येथील शासकीय कर्मचारी विचारतात : कार्यालयीन पत्रात मी ‘वी आर युज्ड टू वर्क विदाउट इलेक्ट्रिसिटी’ असे लिहिले होते. वरिष्ठांनी ‘वर्क’ खोडून ‘वर्किंग’ केले. ‘टू’पुढे मूळ रूप येते, असेच आम्ही शाळेत शिकलो आहोत.

उत्तर : वरिष्ठांची दुरुस्ती योग्य आहे. इंग्रजीत दिसायला सारखे असलेले दोन ‘टू’ आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाचा जोडीदार आहे, तर दुसरा ‘कडे’ किंवा ‘ला’ या अर्थाचे साधे शब्दयोगी अव्यय आहे आणि त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखे वागणारे ‘आयएनजी’ रूप यावे लागते. कोणता ‘टू’ समोर आहे हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. त्याच्यापुढे क्रियापदाऐवजी एखादे साधे नाम ठेवून पाहा. ‘वी आर युज्ड टू पॉवर कट्स’ हे वाक्य व्यवस्थित उभे राहते, म्हणजे हा ‘टू’ अव्यय आहे, म्हणून ‘वर्किंग’. ‘वी आर फोर्स्ड टू पॉवर कट्स’ हे वाक्य मात्र उभे राहत नाही, म्हणून तेथे ‘फोर्स्ड टू वर्क’.

ही कसोटी अडचणींच्या शब्दसंग्रहात फार उपयोगी पडते, कारण सवय, जुळवून घेणे आणि नाइलाज या तिन्ही गोष्टी इंग्रजीत ‘टू’भोवती फिरतात. ‘ॲडजस्ट टू लिव्हिंग इन अ हॉस्टेल’, ‘रिझॉर्ट टू बायिंग वॉटर’, ‘गेट युज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय नाइट’ या सर्वांत ‘आयएनजी’ रूप आहे. ‘हॅव टू बाय वॉटर’ यात मूळ रूप आहे. आणि ‘आर’ काढून टाकल्यास ‘वी युज्ड टू वर्क’ हे वाक्य पूर्णपणे बरोबर असले तरी त्याचा अर्थ निराळा होतो : आम्ही पूर्वी तसे काम करत असू, आता करत नाही. आपल्या पत्रातून विजेचा प्रश्न सुटल्याची वार्ता चुकून वर जाऊ नये, एवढ्यासाठी तरी हा फरक सांभाळावा.

‘ॲडजस्ट’विषयी जाता जाता एक सूचना. एसटीत किंवा रेल्वेत ‘प्लीज ॲडजस्ट’ म्हटले की आपल्याकडे सहप्रवासी सरकून बसतो. भारताबाहेर हेच वाक्य ऐकणारा काय जुळवायचे आहे, याची वाट पाहत राहील.

हिंगोली येथून एक वाचक : ‘सफर’ आणि ‘सफर फ्रॉम’ यांत फरक कोणता?

उत्तर : आजार किंवा सतत जाणवणारा त्रास असेल तर ‘फ्रॉम’ : ‘ही सफर्स फ्रॉम ॲस्थमा’. नुकसान, पराभव किंवा इजा असेल तर थेट कर्म : ‘फार्मर्स सफर्ड हेवी लॉसेस’. गारपिटीच्या बातमीत ‘सफर्ड फ्रॉम लॉसेस’ असे लिहू नये.

धाराशिव जिल्ह्यातून एक वाचक लिहितात : किल्लारीच्या भूकंपाविषयी घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी मी परदेशातील भाचरांसाठी इंग्रजीत उतरवत आहे. ‘लोक त्यातून सावरले’ यासाठी शब्दकोशात ‘गेट ओव्हर’, ‘गेट थ्रू’, ‘ओव्हरकम’, ‘पुट अप विथ’ असे पर्याय सापडले. कोणता घ्यावा?

उत्तर : या पत्राने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला, कारण येथे व्याकरणाइतकेच औचित्यही पाहावे लागते.

‘गेट ओव्हर’ म्हणजे एखादी गोष्ट मागे टाकून पुढे जाणे. ताप, पराभव, मैत्रीतील रुसवा यांसाठी ते योग्य आहे : ‘शी गॉट ओव्हर द फ्लू’. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्यांची घरेच्या घरे गेली, त्यांच्याविषयी ‘दे गॉट ओव्हर इट’ असे लिहिणे व्याकरणाने शुद्ध असले तरी कानाला फार हलके लागते. जणू ती गोष्ट संपून गेली. ‘गेट थ्रू’ म्हणजे कठीण काळ पार करणे. येथे कर्म म्हणून तो काळ येतो, दुःख नव्हे : ‘दे गॉट थ्रू द फर्स्ट विंटर इन टिन शेड्स’. भूकंपानंतरच्या महिन्यांविषयी लिहिताना हे शोभेल. ‘ओव्हरकम’मध्ये विजयाचा सूर आहे, अडथळा, भीती, संकोच यांवर मात करण्यासाठी ते चांगले, शोकासाठी नव्हे. आणि याच क्रियापदाचा कर्मणी प्रयोग अर्थ उलटा करतो : ‘शी वॉज ओव्हरकम विथ ग्रीफ’ म्हणजे दुःखाने तिला ग्रासले. ‘पुट अप विथ’ तर येथे अजिबात नको. त्यात चिडचिड आहे. डास, लाउडस्पीकरचा आवाज, शेजाऱ्याची कटकट निमूट सोसण्यासाठी ते राखून ठेवावे.

ज्या दुःखाचे ओझे जात नाही, पण माणूस त्याच्यासह पुन्हा उभा राहतो, त्यासाठी इंग्रजीत ‘कम टू टर्म्स विथ’ आणि ‘लर्न टू लिव्ह विथ’ या दोन रचना आहेत. ‘शी नेव्हर गॉट ओव्हर लूझिंग हर सन, बट शी लर्न्ड टू लिव्ह विथ इट’ या वाक्यात दोन्ही क्रियापदांमधील अंतर स्पष्ट दिसते. आपल्या लेखनासाठी मी हीच रचना निवडीन. पुनर्वसनाच्या भागात मात्र अशा मनोवस्थेच्या क्रियापदांपेक्षा ‘रीबिल्ट देअर होम्स’ यासारखे साधे, कृती सांगणारे क्रियापद अधिक परिणाम करते. वडीलधारी माणसे त्या दिवसांविषयी बोलतात तेव्हा बहुधा कोणी काय केले हेच सांगतात, आपण सावरलो असे म्हणत नाहीत. त्यांची तीच रीत इंग्रजीतही राहू द्यावी.

टंचाईच्या दिवसांसाठी आपण ‘भागवले’ म्हणतो, तेही आपल्या लेखनात येईलच. त्यासाठी ‘मेक डू विथ’ घ्यावे : ‘वी मेड डू विथ टू पॉट्स ऑफ वॉटर अ डे’. पैशाच्या बाबतीत ‘गेट बाय ऑन’ अधिक सहज वाटते : ‘दे गॉट बाय ऑन हिज डेली वेजेस’.

सर्वनामाच्या जागेविषयीही सावध असावे. ‘गेट ओव्हर’ ही न तुटणारी जोडी आहे, म्हणून ‘गेट ओव्हर इट’. ‘सॉर्ट आउट’ ही तुटणारी जोडी आहे. तिचे कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसवावे लागते, म्हणून ‘सॉर्ट इट आउट’, आणि ‘सॉर्ट आउट इट’ चूक. पूर्ण नाम असेल तर ‘सॉर्ट आउट द प्रॉब्लेम’ आणि ‘सॉर्ट द प्रॉब्लेम आउट’ हे दोन्ही चालतात.

नांदेड येथून बँकेच्या मुलाखतीची तयारी करणारे वाचक विचारतात : ‘हाउ डू यू हँडल प्रेशर?’ या ठरलेल्या प्रश्नाला चांगले उत्तर कसे द्यावे? आणि अशा क्रियापदांच्या रचना पाठ करण्यासाठी एखादी यादी आहे का?

उत्तर : प्रश्नात ‘हाउ’ आहे, म्हणजे रीत विचारली आहे, ‘आय कॅन हँडल एनी प्रेशर’ हे त्याचे उत्तर होत नाही. रीत सांगण्यासाठी ‘बाय’ आणि ‘आयएनजी’ रूप घ्यावे : ‘आय डील विथ प्रेशर बाय ब्रेकिंग द वर्क इन्टू स्मॉल पार्ट्स’. त्यानंतर एक खरा प्रसंग भूतकाळात सांगावा आणि त्याचा शेवट ‘मॅनेज्ड टू’ने करावा, कारण मुलाखत घेणाऱ्याला निकाल ऐकायचा असतो. अडचण सांगताना ‘आय हॅड डिफिकल्टी टू अंडरस्टँड’ म्हणू नये. ‘आय हॅड डिफिकल्टी अंडरस्टँडिंग’ किंवा ‘आय फाउंड इट डिफिकल्ट टू अंडरस्टँड’ यांपैकी एक निवडावे. ‘एंड अप’ही जपून वापरावे. मराठीत आपण ‘करून बसलो’ म्हणतो, तशीच त्याची छटा असते : ‘आय एन्डेड अप डूइंग एव्हरिवन्स वर्क’ यातून तक्रार ऐकू येते, नेतृत्व नव्हे.

याद्या बाजारात पुष्कळ मिळतात, पण मी त्यांचा आग्रह धरणार नाही. क्रियापदांच्या रचना वेगळ्या काढून त्यांना क्रमांक देण्याचे काम ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना केले आणि सहकाऱ्यांसह तयार केलेला त्यांचा शब्दकोश १९४२ मध्ये तेथेच प्रथम छापला गेला. नंतर ऑक्सफर्डने तो स्वीकारला आणि त्याच्या वाढत गेलेल्या आवृत्त्या आजही विद्यार्थ्यांच्या हाती आहेत. तेव्हा परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला कोणताही चांगला कोश घ्यावा आणि त्यात अर्थाच्या आधी किंवा लगतच ठळक अक्षरांत दिलेली रचना पाहावी. ‘समथिंग’ हा शब्द तेथे दोन तुकड्यांच्या मध्ये छापला आहे की शेवटी, यावरून सर्वनाम कोठे ठेवायचे ते कळते. ‘टू डू’ छापले आहे की ‘डूइंग’, यावरून पुढील रूप कळते. इंग्रजी-मराठी कोशांत ही माहिती बहुधा नसते, त्यामुळे केवळ त्यांच्यावर विसंबणाऱ्याला अर्थ मिळतो, वाक्य मात्र मिळत नाही.

वहीत उतरवताना ‘कोप = तोंड देणे’ असे लिहू नये. ‘कोप विथ द वर्कलोड’ असा पूर्ण तुकडा लिहावा आणि त्याखाली आपल्या रोजच्या व्यवहारातील एक वाक्य रचावे. पीककर्ज, बसचा उशीर, भारनियमन, नापास झालेला पेपर, यांपैकी जे आपल्या वाट्याला आले असेल त्यावर ते वाक्य असावे. मुलाखतीच्या आधी अशी आठ-दहा वाक्ये मोठ्याने म्हणून ठेवली, तर ऐन वेळी ‘अप’ घालायचा की नाही, असा विचार करण्याची वेळ येत नाही.